स्थपती, मिस्त्री आणि ‘शेकडा पाच’ : घराच्या आराखड्याच्या मोबदल्याचा एक शब्देतिहास

घर बांधणाऱ्यास त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा, याविषयी कोणत्याही काळी वाद झालेला दिसत नाही. परंतु घर कसे असावे हे केवळ ठरवून देणाऱ्यास वेगळा मोबदला द्यावा, ही कल्पना आपल्या ग्रामजीवनात फार उशिरा आली आणि अद्यापि ती तेथे पुरती रुजलेली नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या गावी लहानसे घर बांधू इच्छिणारा गृहस्थ वास्तुविशारदाकडे क्वचितच जातो. याचे कारण दारिद्र्य किंवा अज्ञान असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे एक कारण शब्दांच्या इतिहासात आहे.

‘मानसार’ व ‘मयमत’ या शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार प्रकारचे कारागीर सांगितले आहेत. त्यांत स्थपती श्रेष्ठ. योजना त्याची, इतरांनी ती सिद्धीस न्यावयाची. पुढे या शब्दांचे झाले काय, हे पाहण्यासारखे आहे. ‘स्थपती’पासून हिंदीत ‘थवई’ झाला आणि त्याचा अर्थ राहिला गवंडी. दोरी धरून आखणी करणारा ‘सूत्रधार’ मराठीत ‘सुतार’ होऊन लाकूडकामापुरता उरला. ‘वर्धकी’चा हिंदीत ‘बढई’ झाला. (धामणगावाच्या नावातील ‘बढे’ या पदाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह एखाद्यास होईल. खानदेश-वऱ्हाडाच्या सीमाभागात बढे हे आडनावही आढळते. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे म्हणजे जोत्यावाचून भिंत रचणे होय.) थोडक्यात, लोकभाषेत योजक आणि कारागीर यांतील भेदच लोपला. बांधणीशैलीस नाव मिळाले तेही कारागिराचे नव्हे. लोणारपासून सर्वत्र आपण ज्यांस हेमाडपंती देवळे म्हणतो, त्यांना नाव आहे यादवांचा मंत्री हेमाद्री याचे.

भेद लोपला म्हणून योजना नव्हती असे मात्र नाही. ती ‘खण’ या शब्दात साठविलेली होती. दोन तुळयांमधील अंतर तो खण. ‘पाच खणांचे घर’ एवढे म्हटले की खांब किती, सरे किती, लाकूड किती लागेल आणि धाब्यावर माती किती चढेल, हे सांगणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास दोघांसही कळत असे. कागदावरील नकाशाची तेथे गरजच नव्हती. मोबदल्याचे शब्दही याच व्यवहाराला साजेसे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याची व्यवस्था विस्ताराने आली आहे. सुतार हा पहिल्या ओळीतील बलुतेदार. परंतु त्याच्या बलुत्यात मुख्यतः शेतीच्या अवजारांची डागडुजी मोडे आणि घराचे नवे काम त्याबाहेरचे धरले जाई. गवंडी तर बारा बलुत्यांच्या प्रचलित यादीत नाहीच. म्हणून घरबांधणीसाठी भाषेने निराळे शब्द जवळ केले. ठोक रकमेचे काम ते ‘उक्ते’. कानडी-तेलुगूशी नाते सांगणारे ‘गुत्ते’. अरबीतून आलेला ‘मक्ता’. काम पाहणाऱ्यास पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ या शब्दावरून मेस्त्री किंवा मिस्त्री म्हणू लागले. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे : कल्पना, देखरेख आणि अंगमेहनत यांची किंमत एकाच आकड्यात येते. चौकट बसविताना मिस्त्रीला टोपी-उपरणे आणि नारळ दिला जातो, तो मान होय, मजुरी नव्हे. कौशल्याची वेगळी दखल घ्यावयाची ती या मानाच्या रूपाने.

‘आर्किटेक्ट’ हा शब्द आला तो हे गाठोडे सोडवीत. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या संघातूनच १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही संस्था उभी राहिली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूटने १८६२ मध्येच कामाच्या खर्चावर शेकडा पाच असा मेहनतान्याचा दर छापला होता आणि खर्चाच्या शेकड्यावर मेहनताना मोजण्याची तीच पद्धत इकडेही आली. आता मराठी कानाला ‘शेकडा’ ओळखीचा होता तो व्याजात आणि दलालीत. घराचा खर्च जसा वाढेल तशी योजकाची प्राप्ती वाढेल, हा हिशेब कोणाही कुणब्याच्या चटकन ध्यानात येतो. त्याची शंका आडमुठेपणाची म्हणता येणार नाही.

१९७२ साली संसदेने वास्तुविशारदांविषयी कायदा केला व त्यान्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली. कायद्याच्या ३७ व्या कलमाने नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावण्यास मनाई केली. या कलमाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असता १७ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मनाई आहे ती उपाधी वापरण्यास. ते काम करण्यास नव्हे. म्हणजे कायद्याने शब्दाचे रक्षण केले, व्यवसाय मोकळाच ठेवला. भाषाभ्यासकास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. आराखडा करणारा मिस्त्री किंवा इंजिनिअर काही बेकायदेशीर करीत नाही. फक्त त्याने स्वतःस ‘आर्किटेक्ट’ म्हणवू नये.

मग धामणगाव बढे येथील मनुष्याने मिस्त्रीवरच भागवावे की काय? येथे जुन्या मराठी कागदपत्रांतील एक जोडशब्द आपणास वाट दाखवितो : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. मिस्त्रीचे पिढीजात ज्ञान हे पांढरीवरचे ज्ञान आहे. शेकडो वर्षे वस्तीने दबलेल्या त्या मातीवर पाया किती खणावा, भिंतीची रुंदी किती ठेवावी, हे त्याच्या हातात मुरलेले असते. परंतु गावठाण भरले, कुटुंबे विभक्त झाली, आणि नवी घरे शेतांचे प्लॉट पाडून काळीत उभी राहू लागली. वऱ्हाडातील कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर उभारले तर थोड्याच वर्षांत भिंतीत तिरप्या चिरा पडतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी बुडाशी फुगीर असलेले पाइल विकसित केले. पण ती विद्या खणाच्या मापात मावणारी नाही. पिढ्यान्‌पिढ्या काळीत कोणी राहतच नव्हते, तेव्हा तिच्यावर घर बांधण्याची रूढी निर्माण व्हावी तरी कशी? मिस्त्री येथे चुकतो तो आपल्या विद्येत नव्हे, तर विद्येच्या हद्दीबाहेर.

यास्तव काळीत घर बांधणाऱ्यास योजकाची गरज आहे. पण त्याला हाक कोणत्या शब्दाने मारावी? ‘वास्तुविशारद’ म्हणावे तर गावात ‘वास्तु’ या शब्दाने वास्तुशांत आठवते आणि अलीकडे दिशा पाहून दार बदलावयास सांगणारा सल्लागार. त्याला दक्षिणा देताना कोणी कुरकुर करीत नाही, हे विशेष. सरकारी ‘वास्तुशास्त्रज्ञ’ त्या सल्लागाराच्या अधिकच जवळ जातो. ‘स्थपती’ हा पुनरुज्जीवित शब्द नितळ आहे, पण तो पुस्तकातच राहिला.

दराचा प्रश्नही तसाच. पंधरा लाखांच्या घरावर शेकडा पाच म्हणजे ७५,००० रुपये. मालकाला ते जड. उलट २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये साहाय्य ठरले. त्यावर शेकडा पाच म्हणजे ६,०००. एवढ्यासाठी बुलढाण्याहून वा मलकापुराहून पायाची खोदाई पाहावयास कोण वारंवार येईल? लहान घराच्या बाबतीत शेकड्याची पद्धत दोन्ही पक्षांस गैरसोयीची ठरते ती अशी.

येथे जुना ‘उक्ते’ हा शब्द उपयोगी पडावा. खर्चाशी न जोडलेली ठोक रक्कम आधी ठरवावी. थोडा विसार द्यावा. उरलेले पैसे नकाशा हाती आल्यावर, पाया व जोते तपासल्यावर आणि स्लॅबची सळई पाहिल्यावर असे टप्प्याने द्यावे. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या प्रगतीनुसारच मिळत असल्याने ही रीत गावास नवी नाही. करारात ‘देखरेख’ असा मोघम शब्द न घालता किती खेपा आणि कोणत्या वेळी हे लिहावे. विशेषतः पायाचा खड्डा भरण्यापूर्वीची खेप. चर बुजल्यावर आलेल्या तज्ज्ञास खाली कोणती माती होती, हे मालकाच्या तोंडूनच ऐकावे लागते.