मुदत कोणाच्या हाती? अमेरिकेतील चिनी मजूर आणि वास्तव्याचा दाखला (१८८२–१८९४)

१/ परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या प्रत्येकाला एक हिशेब करावा लागतो : वास्तव्याच्या परवान्याची मुदत केव्हा वाढवून घ्यावी? फार लवकर गेल्यास अर्ज परत येतो, उशीर झाल्यास माणूस बेकायदा ठरतो. कागदावरची तारीख आणि तिच्यामागचा नियम बदलणार नाहीत, हे या हिशेबात गृहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील लाखभर चिनी रहिवाशांच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक ढासळले. हा थ्रेड त्या बारा वर्षांविषयी.

२/ कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधानंतर चिनी मजूर मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मार्ग प्रामुख्याने त्यांच्याच श्रमांतून उभा राहिला. १८६८ च्या बर्लिंगेम तहाने दोन्ही देशांच्या नागरिकांचा परस्परांकडे जाण्या-येण्याचा हक्क मान्य केला होता. पुढे मंदी आली, रोजगार आटले आणि रोष चिन्यांवर वळला. मे १८८२ मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशावर दहा वर्षांची बंदी घालणारा कायदा झाला.

३/ आधीपासून राहत असलेल्यांना मात्र मुभा होती. मायदेशी जाताना बंदरावरील जकात अधिकाऱ्याकडून दाखला घ्यायचा आणि तो दाखवून परत यायचे. ही कागदपत्रे सर्वांसाठी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या काळी अमेरिकेत येणाऱ्या सामान्य प्रवाशाला व्हिसा लागतच नसे.

४/ चे चॅन पिंग हा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. जून १८८७ मध्ये तो रीतसर दाखला घेऊन चीनला गेला. ७ सप्टेंबर १८८८ रोजी त्याने हाँगकाँगहून परतीचा प्रवास सुरू केला. तो समुद्रात असतानाच, १ ऑक्टोबरला, स्कॉट कायदा संमत झाला आणि असे सर्व दाखले रद्द झाले. ८ ऑक्टोबरला 'बेल्जिक' जहाज बंदरात आले. त्याचा दाखला खरा होता, पण आठवड्यापूर्वीच तो निरुपयोगी झाला होता. असे दाखले घेऊन देशाबाहेर गेलेल्यांची संख्या सुमारे २० हजार होती.

५/ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी एकमताचा निकाल लिहिला. त्याचा आशय असा : परकीयांना प्रवेश नाकारणे हा सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे, आणि परतीची परवानगी ही सरकारने दिलेली सवलत असून सरकार ती केव्हाही काढून घेऊ शकते.

६/ आतापर्यंत प्रश्न बाहेर गेलेल्यांचा होता. ५ मे १८९२ च्या गिअरी कायद्याने तो घरात बसलेल्यांपर्यंत आणला. बंदी आणखी दहा वर्षांनी वाढली. शिवाय प्रत्येक चिनी मजुराने एका वर्षाच्या आत वास्तव्याचा दाखला घ्यायचा. न घेतल्यास अटक व हद्दपारी. आजारपणासारख्या अपरिहार्य कारणाने मुदत हुकली असल्यास सूट होती, पण पूर्वीपासूनचे वास्तव्य सिद्ध करण्यासाठी किमान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार आणणे आवश्यक होते.

७/ नोंदणी करावी की थांबावे? 'सिक्स कंपनीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी संघटनेने थांबण्याचा सल्ला दिला : हा कायदा घटनाबाह्य आहे, नोंदणी करू नका, खटल्यासाठी प्रत्येकी एक डॉलर द्या. मुदत संपली तेव्हा लाखाहून अधिक चिन्यांपैकी सुमारे १३ हजारांनीच नोंदणी केलेली होती. सविनय कायदेभंग हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधीचा हा सामुदायिक नकार आहे.

८/ ६ मे १८९३ रोजी, म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, न्यूयॉर्कमध्ये तिघांना अटक झाली आणि कायद्याची कसोटी लागली. फाँग यू टिंगने अर्जच केला नव्हता. ली जो याने मात्र मुदतीत अर्ज केला होता. त्याचे साक्षीदार चिनी असल्याने ते विश्वासार्ह मानले गेले नाहीत आणि दाखला नाकारला गेला. वेळ पाळणाऱ्याची आणि न पाळणाऱ्याची गत एकच झाली.

९/ १५ मे रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी कायदा वैध ठरवला. हद्दपारी ही शिक्षा नव्हे, असे बहुमताने म्हटले. विरोधी मत देणाऱ्यांत होते तेच न्यायमूर्ती फील्ड! दारात अडवणे वेगळे आणि घरात कायदेशीरपणे राहणाऱ्याला उचलून बाहेर काढणे वेगळे, ही त्यांची भूमिका होती. पण पहिल्या निकालातील तर्क आता त्यांच्या हातून निसटला होता.

१०/ मग लाखभर माणसे हद्दपार झाली का? नाही. तेवढ्यांना जहाजांनी पाठवण्याइतका निधीच सरकारकडे नव्हता. नोव्हेंबर १८९३ मध्ये मॅक्क्रीअरी दुरुस्तीने नोंदणीची मुदत सहा महिन्यांनी वाढवली. 'गोरा' साक्षीदार आता 'चिनी नसलेला' साक्षीदार झाला, आणि दाखल्यावर छायाचित्र सक्तीचे झाले. या वेळी बहुतेकांनी निमूटपणे नोंदणी केली.

११/ ही मुदतवाढ न्यायाने मिळाली नाही, रिकाम्या तिजोरीने मिळाली. मिळाली तीही अधिक पाळत घेऊन. १८८२ ची बंदी उठायला १९४३ साल उजाडले, तेही चीन युद्धात मित्रराष्ट्र झाल्यामुळे.

१२/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने परवाना हाती घेतला की त्यावर दोन तारखा वाचाव्यात. एक छापलेली असते. ती पाळणे रहिवाशाच्या हाती असते. दुसरी छापलेली नसते. तो नियम ज्या दिवशी बदलेल, ती. चे चॅन पिंगने पहिली तारीख काटेकोरपणे पाळली होती. त्याला अडवले ते दुसरीने.