बराकीतल्या मायेची नोंद

नगर जिल्ह्यातल्या सुप्याहून दक्षिणेकडे हंगा नदीच्या खोऱ्यात उतरले की विसापूर येते. लोक ते तलावामुळे ओळखतात. पण तिथे एक तुरुंगही आहे, आज खुले कारागृह म्हणून चालणारा. १९३० च्या कायदेभंगानंतरच्या वर्षांत मुंबई सरकारने अनेक सत्याग्रहींना इथे आणून कोंडले होते. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, मौलाना आझाद आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. तुरुंगातला स्नेह मराठी वाचकाला परका नाही. आपण तो आदराने वाचला आणि पाठ्यपुस्तकांतही आणला. पण ज्या कैद्यांच्या हाती लेखणी नव्हती, जे चोरीत, मारामारीत किंवा दुष्काळातल्या एखाद्या गुन्ह्यात आत आले आणि एकाच बराकीत वर्षे काढून बाहेर पडले, त्यांच्यातल्या जिव्हाळ्याचे काय झाले? एका पुरुषाने दुसऱ्यावर जीव लावला, तर सरकारी दप्तरात त्याला एकच जागा होती: गुन्ह्यांचा रकाना. हे मौन आपोआप पडलेले नाही. ते कायद्याने घडवले आहे, आणि ते घडवण्यात भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ इतकाच तुरुंगाच्या स्वतःच्या कायद्याचा हात आहे, असे माझे म्हणणे आहे.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा मांडला. संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधाला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा किंवा दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. दोघांची राजीखुशी होती की एकाने जबरदस्ती केली, हा प्रश्न कलमाने विचारलाच नाही. यावर नेहमी म्हटले जाते की या कलमाखाली राजीखुशीच्या संबंधांना शिक्षा झाल्याचे खटले फारच थोडे, मग एवढा गहजब कशाला? खटले थोडे होते, हे खरे. सिंध मुंबई इलाख्यात असताना, १९३४ साली, तिथल्या न्यायालयाने अशाच एका प्रकरणातली शिक्षा रद्द केली, कारण कृत्य पूर्ण झाल्याचा पुरावा नव्हता. म्हणजे उघड्या न्यायालयात सरकारलाही काही सिद्ध करावे लागे. तुरुंगात त्याची गरज नव्हती. १८९४ च्या कारागृह कायद्यातले कलम ४५ वाचावे. ‘अनैतिक, असभ्य किंवा बेशिस्त वर्तन’ हा तिथे तुरुंगातला अपराध आहे, आणि अनैतिक कशाला म्हणायचे याची व्याख्या नाही. पुढच्याच कलमात शिक्षा आहेत: बेड्या, एकांतवास, शिक्षेचा निकृष्ट आहार आणि तीस फटक्यांपर्यंत मार. वेत निदान अर्धा इंच जाडीचा असावा आणि फटके ढुंगणावर मारावेत, इतका तपशील कलम ५३ मध्ये आहे. वकील नाही, न्यायाधीश नाही. चौकशी अधीक्षकाची आणि निकालही त्याचाच. बाहेरच्या निकालपत्रांतले खटले मोजून या कायद्याचा जाच मोजू पाहणाऱ्याच्या हिशेबात ही बराक येतच नाही. कलम ३७७ बाहेरून सांगत होते की हे नाते म्हणजे गुन्हाच, आणि त्या आधारावर आतल्या अधिकाऱ्याला ‘अनैतिक’ या एका शब्दावर माणूस झोडता येत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणा ठरेल. तुरुंगातले असे संबंध बहुधा जबरदस्तीचे असतात, असे म्हणतात. दांडगा कैदी दुबळ्याला वापरतो, त्याला प्रेम म्हणणे ही पीडिताची क्रूर थट्टा आहे. तुरुंगात जबरदस्ती होते, हे कोणी नाकारू नये. पण तिला लपायला जागा कोणी दिली? जो कायदा राजीखुशी आणि बळजोरी यांत फरकच करत नाही, तो पीडितालाही संशयित ठरवतो. तक्रार करायला गेलेल्याने आधी आपण त्या कृत्यात होतो हे सांगायचे, आणि ते कृत्यच गुन्हा. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हेच उघडे पडले. एड्सचा धोका ओळखून कैद्यांना निरोध द्यावेत, अशी सूचना झाली. तुरुंगाच्या प्रमुख किरण बेदी यांनी ती नाकारली. निरोध वाटणे म्हणजे आत असे संबंध आहेत हे सरकारने मान्य करणे, आणि कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेने त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका करून कलम ३७७ ला आव्हान दिले. त्या कलमाविरुद्धची न्यायालयीन लढाई अशी तुरुंगाच्या दारातून सुरू झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. माणूस आजारी पडून मेला तरी चालेल, पण त्याचे नाते कागदावर येता कामा नये, इथपर्यंत हा कायदा पोचला होता. आणि आज उलटी उणीव आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, पण जबरदस्तीसाठी कलम कायम ठेवले. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम मुळीच नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत प्रौढ पुरुष पीडित म्हणून बसत नाही. बराकीत अत्याचार सोसणाऱ्या पुरुषाला थेट आधार देणारे कलम त्यामुळे राहिले नाही. ज्यांना पीडिताची खरी कळकळ आहे, त्यांनी अशा कलमाची मागणी आधी करावी.

आणखी एक शंका सुजाण वाचकाच्या मनात येईल: मग धुळ्याच्या किंवा विसापूरच्या प्रत्येक स्नेहाला आजचे नाव चिकटवायचे का? मुळीच नाही. कोणाच्या मनात काय होते ते त्याने सांगितल्याशिवाय आपण ठरवणे अन्यायाचे आहे. सत्याग्रहींची मैत्री मैत्री म्हणूनच मोठी आहे. माझा मुद्दा तिच्या नावाचा नाही, तिच्या नोंदीचा आहे. त्यांना पत्रे लिहिता आली, आठवणी छापता आल्या, आणि आपण त्या विश्वासाने वाचल्या. ज्याच्या जिव्हाळ्यावर वेत बसू शकत होता त्याने तो लिहून ठेवावा, ही अपेक्षा कशी करणार? म्हणून पुरावा नाही याचा अर्थ नाते नव्हते असा लावता येत नाही. इतिहास लिहिणाऱ्याने शिक्षेच्या नोंदी उलट्या बाजूने वाचायला हव्यात. ‘अनैतिक वर्तन’ या दोन शब्दांमागे कुठे बळजोरी असेल, कुठे नुसती शेजारी झोपण्याची ऊब. दोन्ही एकाच शाईत लिहिल्या गेल्या.

तुरुंगात कैद्याचे नाते ठरते ते मुलाखतीला, म्हणजे भेटीच्या वेळी. कोण आले, कैद्याचे कोण लागते, हे सांगावे लागते. आई, बायको, भाऊ म्हणता येते. ज्याच्यासोबत घर केले त्या पुरुषाला काय म्हणायचे, हा प्रश्न दीडशे वर्षे दाराशीच अडला. १५ जुलै २०२४ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांच्या कारागृह प्रमुखांना पत्र पाठवून कळवले आहे की समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींना भेटीच्या बाबतीत इतरांसारखेच वागवावे, भेदभाव करू नये. राज्याच्या कारागृह विभागाने ते पत्र सोप्या मराठीत उतरवून येरवड्याच्या आणि विसापूरच्या फाटकाशी, मुलाखतीला आलेली माणसे जिथे ताटकळत उभी असतात तिथे, लावावे.