एका आजाराचं नामकरण

सोरायसिसच्या संधिवाताचा इतिहास हा नाव मिळण्याचा इतिहास आहे. त्वचेचे चट्टे आणि सांधेदुखी यांचा संबंध फ्रान्समध्ये आलिबेर यांनी १८१८च्या सुमारास नोंदवला होता. तरी पुढे शंभरहून अधिक वर्षं हा आजार बहुधा साध्या संधिवातातच गणला गेला. चट्टे म्हणजे निव्वळ योगायोग!

१९५१ साली अमेरिकेत गुब्नर यांना दिसलं, की संधिवातासाठी दिलेल्या अमिनोप्टेरिनने चट्टेही निवळतात. हे औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले प्रयोगशाळेतलं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरतात. लीड्सच्या व्हर्ना राइट यांनी आजाराचं वेगळेपण दाखवलं, आणि १९६४ मध्ये अमेरिकी संधिवात संघटनेने तो स्वतंत्र मानला. २००२ मध्ये तिथे इटॅनरसेप्ट मान्य झालं. ते सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनालाच अडवतं.

मीही याच आजाराचा रुग्ण. नाव कळल्याने वेदना थांबत नाही, पण योग्य औषधाची वाट तिथूनच सुरू होते. म्हणून सांगतो, चट्टे आणि सांधे, दोन्हींबद्दल डॉक्टरांना एकाच भेटीत सांगा. सांधा एकदा झिजला, की औषधाने तो पूर्ववत होत नाही.