गोरोबांचे हात

तुळजापूरची भवानी बालाघाटाच्या डोंगररांगेत, गावाच्या वस्तीहून खोलगट जागी नांदते. महाद्वार ओलांडल्यावर पायऱ्यांमागून पायऱ्या उतरत, कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ यांच्या सान्निध्यातून जाऊन मग तिचे दर्शन घडते. आश्विनी पौर्णिमेस सोलापूरकडून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून पायी चालत येणाऱ्या यात्रेकरूंनी या पायऱ्या भरून जातात. 1948 पर्यंत तुळजापूरचा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असल्याने मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथील बाजारात, कचेरीत आणि देवळाच्या ओवऱ्यांत एकमेकींच्या शेजारी बसत आल्या, आणि भाषांच्या पाठोपाठ कथाही येथून तेथे जात राहिल्या. त्या कथांचा वाहक म्हणजे गोंधळी. संबळ, तुणतुणे, पेटती दिवटी आणि गळ्यात कवड्यांची माळ एवढ्या सामग्रीवर लग्नाच्या वा कुलाचाराच्या रात्री देवीसमोर आख्यान उभे करण्याचा त्याचा व्यवसाय वंशपरंपरेने चालत आला. सिनेमा येथे येण्याच्या शेकडो वर्षे आधीपासून लोकांना गोष्ट दाखविण्याचे काम गोंधळी, कीर्तनकार आणि भारुडकार यांच्याच हाती होते. म्हणून आंधळ्याची, पांगळ्याची आणि थोट्याची जी प्रतिमा आज पडद्यावर दिसते, तिचा उगम शोधावयाचा तर तो या मंडळींच्या दप्तरातच शोधला पाहिजे.

त्या दप्तरातील सर्वांत जुने आणि मला सर्वांत आदरणीय वाटणारे पात्र म्हणजे पांगुळ. सूर्योदयापूर्वी गावात येऊन, झाडावर किंवा उंचवट्यावर चढून दान मागणारा हा भिक्षेकरी स्वतः बहुधा धडधाकट असे. परंतु तो ज्याचा प्रतिनिधी म्हणून मागे, तो सूर्याचा सारथी अरुण मात्र पंगू होता. महाभारताच्या आदिपर्वातील कथा अशी की विनतेने उतावीळपणे अंडे अकाली फोडले, त्यामुळे आतल्या पुत्राच्या शरीराचा वरचा भाग तेवढा पूर्ण झाला होता, खालचा झाला नव्हता. त्या पुत्राने मातेस शाप दिला, आणि पुढे तोच सूर्याच्या रथाचा सारथी झाला. या कथेत अरुणाला पाय फुटत नाहीत, त्याच्या पंगुत्वाबद्दल कोणी अश्रू ढाळीत नाही, आणि ते त्याच्या पापाचे फळही नव्हे; सात अश्वांचे लगाम हाती धरून जगाला दिवस आणून देणे हा त्याचा अधिकार आहे, आणि पहाटेचा पांगुळ त्या अधिकाराच्या नावाने दान मागतो.

ही एक वाट होती. दुसरी वाट भारुडांची. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रस्त्यावरची सगळी माणसे आपल्या भारुडांत आणली. जोशी, वासुदेव, गोंधळी आणि पोतराज यांच्याबरोबर आंधळा, पांगळा, बहिरा आणि मुका यांनाही त्यांनी बोलते केले. नाथांचा आंधळा हा संसारमोहाने दृष्टी हरवलेला जीव आहे, नाथांचा पांगळा हा साधनेची वाट चालू न शकणारा जीव आहे, आणि नाथ स्वतःस त्यांच्याच पंगतीत बसवितात, हे त्यांचे थोरपण निर्विवाद आहे. परंतु रूपकाचाही एक परिणाम असतो. शतकानुशतके दिवटीच्या उजेडात डोळे मिटून काठी टेकणारा डोळस नट पाहिल्यावर प्रेक्षकाच्या मनात अंधत्व आणि अज्ञान यांची जी गाठ बसते, ती भारुड संपले तरी सुटत नाही, आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या खऱ्या आंधळ्याला ती जन्मभर वागवावी लागते. भवानीलाच रोडग्याचा नवस बोलणाऱ्या सुनेच्या त्या सुप्रसिद्ध भारुडातही सासरच्या छळाला कंटाळलेली सून नणंदेच्या मुलाला खरूज व्हावी असे मागते. त्यामागचा परमार्थ काहीही असो, व्याधी ही शत्रूवर सोडावयाची वस्तू आहे ही समजूत त्या हशातून लोकांच्या अंगी मुरली.

मात्र या धाराशिव जिल्ह्याची स्वतःची, याच मातीतली विकलांगतेची कथा पाहावयाची तर तेरला गेले पाहिजे. तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर, ज्याच्या व्यापाराचा उल्लेख पेरिप्लस या ग्रीक ग्रंथाच्या कर्त्याने केला. तेथेच संत गोरोबा कुंभार होऊन गेले आणि तेथेच त्यांची समाधी आहे. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात आणि वारकऱ्यांच्या मुखी त्यांची कथा आहे. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायाखाली आलेले मूल गोरोबांना दिसले नाही, आणि ते दगावले. पत्नीने विठ्ठलाची शपथ घालून स्पर्श निषिद्ध केला. पुढे तिच्याच बहिणीशी विवाह झाला, तेव्हा सासऱ्याने दोघींना सारखेच वागवा असे बजावले, आणि गोरोबांनी ते अक्षरशः पाळून दोघींनाही स्पर्श वर्ज्य केला. अखेर निद्रेत आपले हात त्यांना लागले असे पाहून त्यांनी ते हातच तोडून टाकले. नंतर पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजविण्यासाठी त्यांनी थोटे हात उंचावले, तेव्हा हात पूर्ववत झाले आणि मूल रांगत आले.

या कथेचा जो भाग मला पुनःपुन्हा विचारात पाडतो तो हात तुटण्याचा नव्हे आणि हात परत येण्याचाही नव्हे, तर त्या दोहोंमधल्या काळाचा आहे. ज्याची उपजीविका चाकावर फिरणाऱ्या मातीला दोन्ही तळव्यांनी आकार देण्यावर अवलंबून आहे, त्याचे हात गेल्यावर त्या घरात रोज सकाळी काय होत असेल? भट्टी कोणी लावली, कच्ची मडकी उन्हातून कोणी उचलली, गोरोबांना घास कोणी भरविला? कथेने या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे. विठ्ठल स्वतः रूप पालटून कुंभाराच्या घरी राबावयास येतो असे ती सांगते. हात गमावलेल्या कारागिराला प्रथम साहाय्य हवे असते, शेजारी उभा राहून चिखल कालविणारा कोणी हवा असतो, हे लोककथेला उमगले होते. आणि थोट्या हातांनी गोरोबा कीर्तनात उभे राहिले तेव्हा त्यांना कोणी मागे सारले नाही, हेही त्याच कथेत आहे.

पडद्यावर मात्र प्रमाण उलटले. तमिळमध्ये 1948 साली नागय्या यांना घेऊन ‘चक्रधारी’ आला. कानडीत 1974 साली राजकुमार यांचा ‘भक्त कुंबार’ आला. त्याचीच तेलुगू आवृत्ती 1977 साली अक्किनेनी नागेश्वर राव यांना घेऊन पुन्हा ‘चक्रधारी’ याच नावाने निघाली. तेरच्या एका कुंभाराची कथा अशी भाषेमागून भाषा बदलीत दक्षिणेत फिरली, आणि ज्या प्रांतांत यांतील कानडी आणि तेलुगू बोलपट लोकप्रिय झाले तेथूनच तुळजापूरला माणसे पायी येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या पुनर्निर्मितीचे वजन कळते. चित्रपट जात्याच चमत्काराचा भुकेला असतो. हात उगवण्याचा क्षण कॅमेऱ्याला जितका साधतो तितका बिनहाताचा काळ साधत नाही. परिणामी विकलांग देह हा चमत्काराची पूर्वतयारी ठरतो, आणि ज्याच्या बाबतीत चमत्कार घडणार नाही तो प्रेक्षागृहातील अपंग मनुष्य आपली भक्तीच उणी पडली की काय, या शंकेने घरी परततो.

याच्या अगदी उलट कूर्मदासांची कथा आहे. पैठणचे कूर्मदास जन्मतःच हातापायांवाचून होते. पंढरीच्या ओढीने ते लोळत निघाले, आणि आजच्या माढे तालुक्यातील लऊळ गावापर्यंत येऊन थकले. पुढे जाणाऱ्या वारकऱ्यांकरवी त्यांनी निरोप धाडला, आणि विठ्ठलच लऊळास आला. वारकरी ही कथा सांगतात तेव्हा कूर्मदासांना हातपाय फुटल्याचे सांगत नाहीत. देह जसा होता तसाच राहतो, अंतर देव तोडतो. अरुणाच्या कथेशी या कथेचे जवळचे नाते आहे, आणि आपल्या परंपरेतील अशा कथांची फारच थोडी दखल पडद्याने घेतली.

खलत्वाचे चिन्ह म्हणून शरीराचे व्यंग वापरण्याची रीत तर याहूनही क्लेशदायक आहे. येवल्यात 1916 साली जन्मलेल्या ललिता पवार या नायिकेच्या भूमिका करीत असता 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांचा चेहरा लुळा पडला. दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला, आणि तेथून त्या दुष्ट सासूच्या भूमिकांत बांधल्या गेल्या. 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात त्या कुबडी मंथरा झाल्या, आणि 1987 साली दूरदर्शनवर रामायण पुन्हा निघाले तेव्हाही मंथरा त्याच होत्या. ज्या स्त्रीने आपल्या दुखापतीवर मात करून ‘अनाडी’तील मिसेस डिसांसारखी करुणेने ओथंबलेली भूमिका साकारली, तिच्याच अधू डोळ्याचा उपयोग दुष्टपणाची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या व्हावा, याचे मला मनस्वी दुःख होते. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या महाभारत मालिकेत शकुनी लंगडत आला. व्यासांच्या ग्रंथात शकुनीच्या लंगडेपणाचा मागमूस नाही, तो पुनर्निर्मितीने त्याच्या पदरी घातला.

पाश्चात्त्य परीकथांचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाकथेत सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे फोडतात, ही शिक्षा 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडली गेली; रापुन्झेलच्या कथेत काट्यांनी अंध झालेला राजपुत्र प्रियेच्या अश्रूंनी डोळस होतो. म्हणजे दंड आणि चमत्कार ही दोन्ही साधने तेथेही सिद्धच होती. ‘द विचेस’ या बालकथेची 2020 सालची चित्रपट-आवृत्ती निघाली तेव्हा चेटकिणींना काही बोटे नसलेले हात दिले गेले, आणि जन्मतः तसे हात असलेल्या लोकांनी निषेध केल्यावर निर्मात्या कंपनीस क्षमा मागावी लागली. डिस्नेच्या 1937 च्या ‘स्नो व्हाइट’ची नवी आवृत्ती घोषित झाली तेव्हा ठेंगण्या शरीराचा विख्यात नट पीटर डिंक्लेज याने 2022 साली सात बुटक्यांच्या कथेवर आक्षेप घेतला, 2025 साली चित्रपट आला त्यात ते सातही जण संगणकाने घडविलेले होते, आणि ज्यांना त्या भूमिका मिळू शकल्या असत्या अशा काही ठेंगण्या नटांनी आमचे काम गेले अशी तक्रार केली. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. आक्षेप टाळण्यासाठी माणसालाच वगळावे, हा कोणत्याही अर्थाने न्याय नव्हे.

आपल्याकडे 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राद्वारे, चित्रपटांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली: अवमान करणारे शब्द टाळावेत, अपंगांना केवळ दयेचे वा अलौकिक पराक्रमाचे पात्र करू नये, आणि त्यांच्याविषयीच्या निर्मितीत त्यांचाच सल्ला घ्यावा. धाराशिव जिल्ह्यास या तत्त्वांचे महत्त्व कोणी पटवून देण्याची आवश्यकता नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तुरासह येथील आणि शेजारच्या लातूरमधील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा दगडी भिंतींखालून जी माणसे जिवंत निघाली त्यांतील कित्येकांचे हात, पाय वा पाठीचे कणे निकामी झाले होते. त्यांचे हात कोणत्याही कीर्तनात परत आले नाहीत. ते शेतात, घरात आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारात तसेच वावरले, आणि त्यांच्या घरच्यांनी चिखल कालविला.

म्हणून गोरोबांवर पुन्हा चित्रपट निघेल तेव्हा निर्मात्याने प्रथम तेरच्या त्या घरात मुक्काम करावा: हात तुटल्यानंतरची पहिली सकाळ, चाकाशी बसलेल्या दोघी स्त्रिया, अनोळखी गड्याने येऊन उचललेली घमेली, आणि पंढरीची वाट हातांवाचून चालणारा कुंभार. ही भूमिका ज्याला खरोखरच हात नाहीत अशा नटाला द्यावी, आणि शेवटच्या दृश्यात त्याचे हात उगवलेले दाखवायचे की नाहीत, हे त्याच्याशी बोलून ठरवावे.