दोन तळी, दोन पंप : दट्ट्या विरुद्ध पाते

१/ १८५०च्या आगेमागे युरोपात दोन विस्तीर्ण तळी वाफेच्या बळावर उपसून कोरडी करण्यात आली : हॉलंडमधील हार्लेमरमीर आणि इंग्लंडमधील व्हिटलसी मीअर. पंप मात्र दोन निराळ्या जातींचे होते. पंप निवडताना आजही उभा राहणारा प्रश्न, दट्ट्याचा की फिरत्या पात्यांचा, या दोन तळ्यांकाठी नीट उलगडतो.

२/ हार्लेमरमीर सुमारे १८,००० हेक्टरांचे. १८४९ ते १८५२ या काळात तीन उपसाकेंद्रांनी ते रिकामे केले. त्यांपैकी क्रूकियस येथील इंजिनाच्या बाहेरील सिलिंडरचा व्यास १४४ इंच! त्याभोवती आठ तुळया आणि आठ पंप. दट्ट्या वर येताना पाणी उचलतो, खाली जाताना रिकामाच जातो. आपल्या मोटेचे बैल रिकाम्या खेपेला मागे सरतात, तसेच हे.

३/ दर ठोक्याला ठरावीक पाणी हा या जातीचा मोठा गुण. यंत्रात जोर असेल तर ती पाणी बरेच उंचही चढवते. पण गती मंद, पाया अवजड, आणि झडपेत गाळ वा काडीकचरा अडकला की ती नीट मिटत नाही.

४/ दुसऱ्या जातीत, म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंपात, झडपांची ये-जाच नाही. पाणी चाकाच्या मध्यातून शिरते, फिरती पाती ते कडेला भिरकावतात आणि कवचात त्या वेगाचा दाब होतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस दनी पापँने असा पंप केला होता. तरी दीडशे वर्षे त्याला मान मिळाला नाही.

५/ तो मिळाला १८५१च्या लंडन येथील महाप्रदर्शनात. जॉन ॲपोल्डच्या पंपाची परीक्षकांनी चाचणी घेतली. सरळ त्रिज्येतील पाती : कार्यक्षमता २४ टक्के. सरळ पण तिरपी : ४३. वक्र : ६८. केवळ पात्याच्या वळणाने जवळजवळ तिप्पट फरक! माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा हाच. सरळ पाते पाण्याला थडकते आणि शक्ती भोवऱ्यांत वाया जाते. वक्र पाते पाण्याला वाट देते.

६/ त्याच सुमारास ॲपोल्डच्या पंपाने व्हिटलसी मीअर उपसले. नोव्हेंबर १८५२मध्ये बांध फुटून तळे पुन्हा भरले. पंपाने ते पुन्हा रिकामे केले.

७/ मग डच अभियंते चुकले काय? मुळीच नाही. त्यांची इंजिने उभी राहिली तेव्हा ॲपोल्डची चाचणी झालेलीच नव्हती. शिवाय व्हिटलसीचे पाणी थोडेच फूट उचलायचे होते. जास्त उंचीसाठी पात्यांना वेग हवा, नाहीतर एकामागे एक अनेक चाके. आणि आत हवा शिरली की हा पंप पाणी सोडतो. तो आधी पाण्याने भरून घ्यावा लागतो, हे विहिरीवर मोटार असलेल्या कोणत्याही घरात विचारा.

८/ व्हिटलसीजवळ होम येथे त्या काळी दलदलीच्या मातीत एक लोखंडी खांब जमिनीसपाट पुरला होता. पाणी गेल्यावर माती आकसली, कुजली, खचली. आज त्या खांबाचे टोक जमिनीपासून सुमारे ४ मीटर वर आहे, आणि तेथील पंप अजूनही चालूच ठेवावे लागतात.