प्रवाहातले तुकडे आणि तुटलेली वेलांटी

सर्व्हरने ‘अंधेरी’ हे स्थानकाचे नाव पाठवावे आणि पडद्यावर ‘अंधेर’ व त्यापुढे काळ्या शंकरपाळ्यातील प्रश्नचिन्हे उमटावीत, असे घडू शकते. अशा वेळी फाँटला दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. दोष अनेकदा प्रवाह वाचणाऱ्या प्रोग्रामचा असतो.

नेटवर्कवरून येणारी माहिती म्हणजे बाइटांचा प्रवाह. १९८१ साली प्रमाणित झालेली ‘टीसीपी’ पद्धत बाइटांचा क्रम राखते. मात्र एक संदेश कोठे संपला याची खूण ती ठेवत नाही. भारतातील इंटरनेटची पायाभरणी १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पाने केली. जुहूची ‘एनसीएसटी’ (२००३ मध्ये ‘सी-डॅक’मध्ये विलीन) आणि पवईची आयआयटी या उपनगरांतील दोन्ही संस्था त्यात होत्या. त्यानंतर वेग कितीतरी पटींनी वाढला, हा नियम मात्र तसाच आहे.

असिंक्रोनस पद्धतीत प्रोग्राम माहितीची वाट पाहत अडून राहत नाही. तोवर इतर कामे उरकतो. ‘पायथन’ भाषेत ही सोय ‘असिंकआयओ’ या नावाने २०१४ मध्ये आली. तेथे ‘रीड’ला १६ हा आकडा दिला, तर त्याचा अर्थ ‘जास्तीत जास्त १६ बाइट’ असा होतो. तीनच आले असतील, तर तीनच हाती पडतात. तुकडा लहान आला म्हणून संदेश संपला असे मानणारा प्रोग्राम संदेश अर्ध्यावर तोडतो. प्रवाह संपल्याची खूण एकच, ती म्हणजे रिकामा तुकडा. नेमके १६ हवे असतील तर ‘रीडएक्झॅक्टली’ वापरावे. प्रवाह आधीच आटला तर ते चूक नोंदवते.

आता मराठीचा प्रश्न. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा अनुस्वार, तीन बाइट घेते. ‘अंधेरी’त अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. सोळाच्या तुकड्यात पाच चिन्हे पूर्ण बसतात आणि वेलांटीचा एकच बाइट येतो. उरलेले दोन पुढच्या तुकड्यात. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडला की वेलांटी गेलीच. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागत असल्याने केवळ इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत ही चूक कधीच दिसत नाही, आणि पुढे एखाद्याच्या अर्जातील आडनाव बिघडते.

यावर उपाय साधा आहे. ‘इन्क्रिमेंटल डीकोडर’ अपुरे बाइट राखून ठेवतो व पुढच्या तुकड्याला जोडतो. प्रवाह संपल्यावर त्याला तसे कळवावे लागते. अन्यथा शिल्लक राहिलेले बाइट कोणाच्याही लक्षात न येता हरवतात.