पुतळा, पायलट आणि वॉर्डातले मामा

नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुन लेर्दाल यांनी १९६०मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ हा पुतळा तयार केला. वैद्यकशिक्षणातील लुटुपुटीच्या आणीबाणीचा इतिहास सहसा इथून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. पुतळ्याने एकेकट्याचे हात तयार केले. चौघांनी मिळून कसे वागायचे, हे मात्र डॉक्टर वैमानिकांकडून शिकले.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे दगावली. समोरचे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली. १९७९मध्ये नासाने याच प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांच्या संघ-प्रशिक्षणाला दिशा मिळाली. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी पुढे ही पद्धत शस्त्रक्रियागृहात आणली : रुग्ण खोटा, घाई खरी आणि शेवटी सर्वांनी बसून केलेली मोकळी चर्चा.

खानदेशाला याची गरज किती, हे अलीकडचे दोन दिवस सांगतात. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे बेफाम कंटेनरने किमान दहा जणांचे बळी घेतले. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले; किमान बारा जण गेले. एकाच वेळी इतके जखमी दारात आले, की एकट्या डॉक्टरची हुशारी पुरत नाही.

२०१९पासूनच्या अभ्यासक्रमात डॉक्टरने उपचार-संघाचा नेता आणि सदस्यही व्हावे, अशी अपेक्षा आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय असो की २०१८मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय महाविद्यालय, ती दोघांनाही लागू आहे. यातला ‘सदस्य’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. सराव विद्यार्थ्यांपुरताच ठेवला, तर तो पुन्हा पुतळ्यापाशीच थांबेल. त्यात सिस्टर हव्यात, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि मावशी हव्यात, अहिराणीत आक्रोश करणाऱ्या नातेवाइकांना धीर देणाराही हवा. ‘सर, रक्ताची पिशवी पुन्हा तपासा,’ असे मावशीने म्हणावे आणि सरांनी थांबून तपासावे. तेनेरिफला नेमके एवढेच घडले नव्हते.